लिनक्स मिंट: सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई, काही महिने तिन्ही वापरल्यावर

लिनक्स मिंट (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) घ्यायचं ठरलं की डाउनलोड करतानाच पहिला प्रश्न पडतो: सिनॅमन, माटे की एक्सएफसीई, यांपैकी कुठला डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची मांडणी, घ्यायचा? उत्तर बहुतेक वेळा एका ओळीत मिळतं. संगणक जुना असेल तर एक्सएफसीई, नवा असेल तर सिनॅमन. गेले काही महिने तिन्ही माझ्या हाताखाली आहेत, आणि ही ओळ अपुरी आहे असं माझं ठाम मत झालंय.

माझ्या लॅपटॉपवर (8 जीबी रॅम, एसएसडी) सिनॅमन आहे. वाचनालयाच्या अभ्यासिकेतल्या 4 जीबीच्या संगणकांवर एक्सएफसीई. या संगणकांवर विंडोज 11 चढत नाही आणि विंडोज 10 चा आधार ऑक्टोबर 2025 मध्ये संपला, म्हणून तिथे बदल करावाच लागला. बाबांच्या संगणकावर माटे. सगळीकडे मिंटची 22 ही मालिका आहे, म्हणजे पाया उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या 24.04 आवृत्तीचा आणि अपडेट एप्रिल 2029 पर्यंत.

आतून तिन्ही एकच आहेत. अपडेट मॅनेजर तोच, बिघाड झाल्यास सिस्टीम आधीच्या स्थितीत नेणारा टाइमशिफ्ट तोच, साधा मजकूर लिहायचं आणि पीडीएफ वाचायचं सॉफ्टवेअरही तेच. बदलतं ते पॅनेल, फाइल मॅनेजर आणि खिडक्या हाताळायची पद्धत.

आधी रॅमबद्दल, कारण सगळी चर्चा तिथेच अडकते. नुकत्याच सुरू केलेल्या संगणकावर आमच्याकडे एक्सएफसीई साधारण 800-900 एमबी घेतं, सिनॅमन सव्वा जीबीच्या आसपास. हा फरक ब्राउझरचे चार-पाच टॅब उघडले की भरून निघतो. अभ्यासिकेतली मुलं एका खिडकीत व्हिडिओ, दुसरीत प्रश्नपत्रिकांच्या पीडीएफ उघडून बसतात. तिथे वेग ठरवतो तो ब्राउझर. त्या संगणकांत हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तेव्हा जो फरक पडला, तो कुठल्याही डेस्कटॉपने पडला नव्हता. पैसे थोडे असतील तर आधी तिथे घाला. एक्सएफसीई खरंच सरस ठरतं ते जुन्या ग्राफिक्सवर. सिनॅमन खिडक्या रंगवायला ग्राफिक्स चिपवर विसंबतं. चिपचा ड्रायव्हर नीट नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि माउससुद्धा अडखळतो. एक्सएफसीईत सावल्या, पारदर्शकता हे सगळं बंद करता येतं आणि काम सुरळीत चालतं.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते मराठी टंकलेखन. ज्यांना इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची प्रमाणित कळमांडणी) येतं त्यांना तिन्हींत वेगळं काही बसवावं लागत नाही: कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारताखाली मराठीचा लेआउट निवडला की झालं. ऱ हा शिफ्ट आणि J या कळांवर मिळतो, त्यामुळे ‘दऱ्या’ आणि ‘सुऱ्या’ व्यवस्थित उमटतात. उच्चारानुसार लिहिणाऱ्यांसाठी आयबस (भाषा टंकायची सोय देणारं सॉफ्टवेअर) आणि त्याचा एम17एन हा भाग घालावा लागतो, मग एकदा लॉगआउट. सिनॅमनमध्ये माझ्याकडे लेआउटचं चिन्ह वेगळं आणि आयबसचं वेगळं दिसत राहिलं, आणि नवख्याला यातलं नेमकं कुठलं दाबायचं ते कळत नाही. दोन्हींपैकी एकच ठेवा. एक्सएफसीईच्या पॅनेलमधल्या लेआउटच्या प्लगिनला प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा लक्षात ठेवता येते. एकट्याला ही सोय छान आहे, पण अभ्यासिकेत गोंधळ होत होता, म्हणून तिथे सगळीकडे एकच भाषा अशी ठेवली. सिनॅमनचं वेलँड सत्र (पडद्यावर खिडक्या दाखवायची नवी पद्धत) मी करून पाहिलं, पण तिथे लेआउटच बदलेना. ते अजून प्रायोगिक आहे. मराठीत काम करणाऱ्याने लॉगिन करताना नेहमीचंच सत्र घ्यावं.

फॉन्टही पाहा. ल आणि श मराठी वळणाचे हवे असतील तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून लोहित मराठी घाला. मुक्त नावाचा फॉन्टही मला आवडतो. तो मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा, मुक्त परवान्याचा आहे. डेस्कटॉपची भाषाच मराठी करून पाहिली, तर मेनू अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी आले. हे काम स्वयंसेवक करतात. ज्यांना जमेल त्यांनी खरंच हात लावायला हवा.

पडद्याच्या बाबतीत सिनॅमन स्पष्ट पुढे आहे. चौदा इंची फुल एचडी पडद्यावर अक्षरं बारीक दिसतात. सिनॅमनमध्ये 125 टक्के केलं की डोळ्यांना आराम पडतो. एक्सएफसीईत असं स्केलिंग निवडलं तर अक्षरं धूसर होतात, त्यापेक्षा फॉन्टचा डीपीआय (अक्षरांचा आकार ठरवणारा आकडा) वाढवलेला बरा. खिडकीच्या कडाही तिथे इतक्या बारीक की पकडता येत नाहीत. ऑल्ट दाबून माउसच्या उजव्या बटणाने ओढायची सवय लावून घ्यावी. सिनॅमनचा दोष म्हणजे लॅपटॉप बंद न करता दिवसेंदिवस नुसता मिटून ठेवला तर ते हळूहळू जास्त रॅम धरून बसतं. कंट्रोल, ऑल्ट आणि एस्केप एकत्र दाबा. उघड्या खिडक्या तशाच राहतात आणि डेस्कटॉप ताजा सुरू होतो.

माटेबद्दल लिहिताना मन दोन्हीकडे ओढतं. 2011 मध्ये गनोम या लिनक्स डेस्कटॉपची तिसरी आवृत्ती, गनोम 3, आली, जुनी मांडणी गेली, तेव्हा ती जपण्यासाठी एका अर्जेंटिनी वापरकर्त्याने गनोम 2 पुढे चालू ठेवलं, तेच माटे. सिनॅमनही त्याच नाराजीतून उभं राहिलं, पण त्याने नवा पाया घेतला. बाबांना माटे फार मानवलंय. मेनू, फोल्डर, फोटो, सगळं आपापल्या जागी, आणि महिनोन्‌महिने काही हललेलं नाही. पण मिंट 22 मध्ये मिळणारं माटे 1.26 हे 2021 चं आहे. सिनॅमन मिंटवालेच बनवतात, त्यामुळे नव्या सोयी आधी तिथे येतात. हलकेपणात एक्सएफसीई पुढे. नव्याने येणाऱ्याला मी आता माटे सुचवत नाही. बाबांचं मात्र काढणार नाही.

परवा ओळखीतल्या एकीच्या 4 जीबीच्या लॅपटॉपवर मी सिनॅमनच बसवलं. एसएसडी होती, ग्राफिक्स ठीक होतं, आणि तिला पडदा मोठा हवा होता. ती समाधानी आहे.

निवडण्याआधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह सत्र, म्हणजे संगणकात न बसवता मिंट, चालवा. तिथेच वाय-फाय, आवाज, ब्राइटनेसच्या कळा, झाकण मिटून उघडल्यावर संगणक जागा होतो का, हे तपासा. घरात प्रिंटर असेल तर एक पान छापूनही पाहा. एका जुन्या लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर तिन्हींत सारखाच छळतो, डेस्कटॉप बदलून त्यात काही फरक पडत नाही.