आपल्याच लेखाची लिंक टाकताना: सोशल बुकमार्किंगचा काही महिन्यांचा अनुभव

लेख प्रसिद्ध केला की दुसऱ्याच दिवशी वाचकांची रीघ लागावी, अशी ज्यांची अपेक्षा आहे त्यांनी या वाटेला न गेलेलंच बरं. गेले काही महिने मी माझ्या ब्लॉगवरचे लेख सोशल बुकमार्किंगच्या, म्हणजे लिंक सगळ्यांना दिसेल अशी जपण्याच्या किंवा वाटण्याच्या, साइट्सवर टाकते आहे. अटी माझ्या मीच घातलेल्या: पैसे मोजायचे नाहीत, कुणाकडे मतं मागायची नाहीत आणि लिंक आपलीच आहे हे लपवायचं नाही. लिखाणाचा विषय तसा रूक्ष, म्हणजे जुने फाइल फॉरमॅट, फॉन्ट, वापरातून गेलेली सॉफ्टवेअर. अशा विषयाला गर्दी नसते, पण ज्याला हवं असतं तो शोधत फिरत असतो. त्याच्यापर्यंत पोचायला या साइट्सचा कितपत उपयोग झाला, ते सांगते.

या साइट्सच्या दोन जाती आहेत आणि 'ब्लॉगची प्रसिद्धी कशी करावी' छापाचे सल्ले त्या दोन्हींची सर्रास खिचडी करतात. पहिली जात मतांवर चालणारी, म्हणजे वाचकांच्या मतांनी लिंक वर येते किंवा बुडते: रेडिट, हॅकर न्यूज, लॉबस्टर्स. दुसरी संग्रहाची: पिनबोर्ड, रेनड्रॉप, डीगो. मूळची बुकमार्किंग म्हणजे ही दुसरी. २००३ साली डिलिशस सुरू झालं तेव्हा कल्पना एवढीच होती की लिंक स्वतःसाठी जपायची, तिला टॅग, म्हणजे विषयाची लेबलं, लावायचे, आणि संग्रह उघडा असल्यामुळे त्याच टॅगखाली इतरांनी काय जपलंय तेही दिसायचं. प्रसिद्धीसाठी तिचा वापर करणारे मागाहून आले.

मतांच्या साइट्सवर पाऊल टाकण्याआधी नियम वाचावेत. सगळेच असं सांगतात आणि फारसं कुणी वाचत नाही. हॅकर न्यूजचं म्हणणं सरळ आहे: अधूनमधून स्वतःचं टाका, पण साइटचा मुख्य वापर जाहिरातीसाठी नको. शीर्षक मूळ लेखाचंच ठेवायचं, भडक करायचं नाही. मतांसाठी मित्रांना निरोप धाडायचे नाहीत. 'शो एचएन' हा विभाग करून बघता येतील अशा गोष्टींसाठी आहे, लेखांसाठी नाही, हेही तिथेच लिहिलेलं आहे. लॉबस्टर्सवर आमंत्रणाशिवाय खातं मिळत नाही आणि कुणी कुणाला आत आणलं त्याची वंशावळ सगळ्यांना दिसते, त्यामुळे तुमच्या वागण्याचा डाग आमंत्रण देणाऱ्यालाही लागतो. तिथला ठोकताळा असा की तुमच्या एकूण लिंक आणि प्रतिक्रियांत स्वतःची जाहिरात पावभागापेक्षा कमी असावी. लिंक टाकताना 'या लेखाची लेखक मीच' अशी खूण करायची सोयही आहे. मला ही सोय फार आवडते. ओळख आधीच उघड असली की पुढची अर्धी कटकट टळते. जिथे अशी खूण नाही तिथे मी पहिल्याच प्रतिक्रियेत एका ओळीत सांगून टाकते. त्यामुळे मतं घटल्याचं मला तरी जाणवलं नाही.

फळ काय मिळालं? बहुतेक लिंक नव्या लिंकांच्या पानावरच बुडाल्या. एखादी वर आली की काही तास वाचक धो धो येतात, एक पान वाचतात आणि जातात. पुन्हा फिरकणारे विरळा. खरा लाभ प्रतिक्रियांचा. एका जुन्या फॉरमॅटवरच्या लेखाखाली तो स्वतः वापरलेल्या माणसाने इतका तपशील दिला की लेखाचा एक भाग मी नव्याने लिहिला.

रेडिटची गोष्ट थोडी वेगळी. दहात एकच लिंक स्वतःची, हा तिथला जुना दंडक, पण खरे नियम प्रत्येक सबरेडिटचे, म्हणजे तिथल्या एकेका विषयाच्या गटाचे, निराळे आणि काही ठिकाणी स्वतःच्या लिंकला साफ बंदी. अशा ठिकाणी मी लिंक न देता मजकूरच लिहिते, आणि तोही 'पुढचं माझ्या साइटवर वाचा' असलं गाजर न दाखवता पूर्ण. गंमत म्हणजे सगळ्यात चांगला प्रतिसाद याच प्रकाराला आला. अजून कुठे वाचायला मिळेल असं लोक आपणहून विचारतात, आणि विचारल्यावर लिंक दिली तर ती कुणाला खुपत नाही.

संग्रहाच्या साइट्सबद्दल मात्र मी भरभरून सांगेन. रेनड्रॉपवर मी माझ्या विषयाचा एक सार्वजनिक संग्रह केला. त्यात बहुतेक लेख दुसऱ्यांचे, माझे मोजकेच. प्रत्येक लिंकखाली दोन ओळींची टीप: यात काय आहे, कुठला भाग वगळला तरी चालेल, कोणत्या लेखानंतर हा वाचावा. लग्नात वधूवरांचीच ओळख करून द्यावी, स्वतःची नव्हे, तसं हे काम आहे. माझ्या लेखांची टीप मी इतरांपेक्षा मोठी लिहीत नाही आणि ते सगळ्यात वरही ठेवत नाही. माझा लेख दुसऱ्या कुणाचा असता तर मी तो इथे ठेवला असता का, असा प्रश्न स्वतःला विचारते, आणि उत्तर नकारार्थी आलं तर माझेच लेख बाहेर राहतात. असे बरेच राहिलेत.

या संग्रहातून येणारे वाचक अगदी थोडे, पण ते थांबतात, दुसरा लेख उघडतात, कधी ईमेल करतात. ते माझ्या नावाने येत नाहीत, विषयाच्या नावाने येतात, आणि ज्यांच्या लिंक मी ठेवल्या त्यांतल्या काहींनी नंतर माझे लेख आपल्या यादीत घेतले. मी तसं कुणाला सुचवलंही नव्हतं. टॅग देताना स्वतः नवे घडवण्याऐवजी लोक आधीपासून वापरतात तेच घ्यावेत. तीन-चार पुरतात. पंधरा टॅग लावलेली लिंक दिसली की माणूस वाचकांसाठी नाही, सर्च इंजिनसाठी लिहितोय हे लगेच कळतं.

सर्च इंजिनवरून आठवलं. शेकडो बुकमार्किंग साइट्सवर लिंक टाकून देतो, क्रमांक वर जाईल, असं सांगणारे विक्रेते अजून ईमेल पाठवतात. नोफॉलो, म्हणजे 'ही लिंक क्रमवारीत धरू नका' असं सर्च इंजिनला सांगणारी खूण, जानेवारी २००५ मध्ये आली ती अशा लिंकांचं वजन काढून घेण्यासाठीच, आणि २०१९ मध्ये गूगलने वापरकर्त्यांनी टाकलेल्या लिंकांसाठी यूजीसी ही वेगळी खूणही दिली. थोडक्यात, ते पैसे वाया.

वाचक नेमके कुठून आले हे कळणं अवघड झालंय. आजकालचे ब्राउझर सहसा मागच्या साइटचं फक्त डोमेन कळवतात, पूर्ण पत्ता नाही. म्हणून लोक लिंकच्या शेपटीला यूटीएमचे, म्हणजे वाचक कुठून आला ते सांगणारे, तुकडे जोडतात. मी जोडत नाही. शेपूट बदललं की एकच लेख वेगवेगळ्या पत्त्यांनी जपला जातो, किती जणांनी जपला याची मोजणी फुटते, आणि दुसऱ्याच्या संग्रहात आपला मोजणीचा कचरा जाऊन बसतो. थोडी माहिती हुकली तरी चालेल.

मनस्ताप झालाच नाही असं नाही. एका साइटवर माझ्या लिंक मला दिसत होत्या, इतर कुणालाच नाही. काही सूचना नाही, कारण नाही, मॉडरेटरना लिहिलं त्याला उत्तरही नाही. तेव्हापासून लिंक टाकली की खात्यातून बाहेर पडून, खासगी विंडोत ती दिसते का ते बघते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आणखी एक तयारी ठेवावी: या सेवा बंद पडतात. स्टंबलअपॉन २०१८ मध्ये गेलं. डिलिशस अनेक हातांतून फिरून २०१७ मध्ये पिनबोर्डने विकत घेतलं आणि फक्त वाचण्यापुरतं ठेवलं. पॉकेट २०२५ च्या जुलैत थांबलं. म्हणून मी दर महिन्याला संग्रह एचटीएमएल फाइलमध्ये उतरवून घेते. या फाइलचा साचा नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या काळातला आहे आणि आजही जवळपास प्रत्येक ब्राउझर व बुकमार्क सेवा तो वाचते. टिपा आणि टॅग फाइलमध्ये नीट उतरलेत का, ते मात्र एकदा उघडून बघावं; काही सेवा टिपा गाळतात.