पेटीवर २ टीबी, आत ६४ जीबी

जळगाव एमआयडीसीत आमचं चटयांचं युनिट आहे. मी हिशोब बघतो, अन् कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं म्हणून तेही माझ्याच गळ्यात. ऑफिसात सहा मशीन, सगळ्यांवर आउटलुक, म्हणजे मेलचं सॉफ्टवेअर. मेल पॉप पद्धतीने मशीनवर उतरतात, सर्व्हरवर चौदा दिवसच राहतात. म्हणजे जुन्या ऑर्डरी, रंगांचे नमुने, एलसीचे (बँकेच्या पेमेंट हमीचे) कागद, जे काही आहे ते आउटलुक मेल साठवतं त्या पीएसटी फायलींत. शेठच्या मशीनवरची एकटी फाईल ३८ जीबीची, सगळ्या मिळून दीडशेच्या वर.

बॅकअपचं काम गावातल्या एका दुकानदाराला वर्षाच्या करारावर दिलं. माणूस बोलायला पक्का. "भाऊ, जुन्या आउटलुकची फाईल २ जीबीला टेकली की बसायची. आता मर्यादा ५० जीबी आहे, पण तिथवर जाऊ देऊ नका. आउटलुक बंद केल्याशिवाय कॉपी करू नका. अन् फाईल नेटवर्कवर ठेवून तिथूनच चालवू नका, बिघडते." मी नंतर पडताळलं, यातलं अक्षरही खोटं नव्हतं. आम्ही भाळलो ते त्यावरच.

मग त्याने काळी, चकचकीत २ टीबीची एक्स्टर्नल डिस्क आणली. बाजारभावापेक्षा हजारभर स्वस्त, बिल कच्चं. जीएसटी वाचेल म्हणाला आणि मीही मान डोलावली; तेवढी चूक माझी. रिसेप्शनची ३ जीबीची फाईल समोर कॉपी करून दुसऱ्या मशीनवर उघडून दाखवली. मेल भराभरा उघडले. बाकीच्या मोठ्या फायली रात्री लावून तो गेला. सकाळी बघतो तर सगळी नावं हजर, साइजही बरोबर. मी रजिस्टरात 'बॅकअप झाला' लिहून सही केली. अशा सह्या मी वर्षभर केल्या.

मे महिन्यात, बाहेर ४५ अंश, शेठच्या मशीनची हार्ड डिस्क गेली. म्हटलं, चिंता नाही. काळी पेटी लावली, ३८ जीबीची फाईल दिसली, आउटलुकने उघडायला नकार दिला. दुरुस्तीचं स्कॅनपीएसटी चालवलं, तर त्याला ती पीएसटी आहे हेच ओळखू येईना. दुकानदाराला फोन केला. तो म्हणे, "फायली दिसताहेत ना? मग बॅकअप झालाय. तुमच्या आउटलुकचा प्रॉब्लेम असेल." त्यानंतर फोन उचलणं बंद.

धुळ्याचा माझा मेहुणा कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याने स्क्रू ड्रायव्हरने पेटीची कड उचकटली. आत नखाएवढं ६४ जीबीचं मेमरी कार्ड, एक छोटं सर्किट आणि वजनासाठी गोंदाने चिकटवलेली लोखंडी पट्टी. तो हसला, "नाव शे, माल नही!" सर्किट मशीनला 'ही डिस्क २ टीबीची आहे' असं खोटं सांगतं. फायलींची यादी सुरुवातीच्या जागेत नीट लिहिली जाते, म्हणून नाव आणि साइज दिसतात. कार्ड भरलं की पुढचा डेटा कुठेच टिकत नाही, किंवा आधीच्यावरच लिहिला जातो. छोटी फाईल समोर उघडून दाखवण्यामागचं गुपित हेच.

ही पेटी आधीच पकडता आली असती. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर डिस्क भरतं आणि लिहिलेलं परत वाचून ताडून बघतं. पूर्ण २ टीबीला बरेच तास लागतात, पण नुसत्या १०० जीबीवरही या पेटीचं बिंग फुटलं असतं. आता मी नवी डिस्क तपासल्याशिवाय घेत नाही, तीही पक्क्या बिलावर. दर शनिवारी सगळ्यात मोठ्या फाईलची बॅकअपवरची प्रत दुसऱ्या मशीनवर आणून एखादा जुना मेल अटॅचमेंटसकट उघडतो. वर्षावर्षाच्या फायली वेगळ्या केल्यात, आणि दुसरी डिस्क शेठच्या घरी असते.

गेलेले मेल जमेल तसे गिऱ्हाइकांकडून आणि मुंबईच्या क्लिअरिंग एजंटकडून मागवले. दोघा-तिघांनी पाठवले, बाकीचे "बघतो" म्हणाले. पोलिसांकडे अर्ज दिलाय, पण हातात कच्च्या बिलाची चिठ्ठी. परवा त्या दुकानावरून गेलो, तर काउंटरवर तसल्याच काळ्या पेट्यांची चळत लावलेली होती.