खर्च लिहायचं ॲप: नोंदी मस्त, स्कोअर बंद करा

खर्च लिहायला हे ॲप बरेच महिने वापरतेय. एंट्री पटकन होते, जाहिराती नाहीत, तेवढ्यासाठी चार स्टार. एक कापला तो त्या ‘सेव्हिंग स्कोअर’साठी. माझा स्कोअर कायम हिरवा आणि नवऱ्याचा लाल, म्हणजे ॲपच्या मते मी शहाणी अन् तो उधळ्या, पण तसं नाहीये ना! माझ्या माहेरी पैशाचा विषय निघाला की आवाज चढायचे, त्यामुळे मला आजही गरजेची वस्तू घेताना पोटात गोळा येतो, चप्पल पार तुटेपर्यंत वापरते, ही काटकसर नाही हो, भीती आहे, आणि ॲप त्यालाच शाबासकी देतं. नवऱ्याकडे उलट, लहानपणी साठवलेले पैसे घरातलं कोणीतरी ‘देतो परत’ म्हणून न्यायचं आणि ते कधी परत यायचे नाहीत, मग साठवायचं कशाला? रोचेस्टर युनिव्हर्सिटीचा २०१३ साली छापलेला मार्शमेलोवाला प्रयोग आहे (समोरची मार्शमेलो मिठाई लगेच न खाता थांबलं तर आणखी एक मिळणार), त्यात शब्द पाळणाऱ्या मोठ्या माणसासोबतची मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली आणि शब्द मोडणाऱ्यासोबतची जेमतेम ३.

जॉइंट बजेट मात्र झकास. दोघांनी एकमेकांना न विचारता खर्च करायची रक्कम वेगळी ठेवता येते, त्याने आमची भांडणं खरंच कमी झाली (माझी ती रक्कम तशीच पडून असते, ते वेगळं). एक्स्पोर्ट केल्यावर तारखा उलटसुलट येतात, तेवढं बघा.