मुरुडची समुद्रातली फिशिंग ट्रिप: खराब हवेत बोट काढली, मासे नाहीत आणि तारीखही बदलून देईनात

दिवाळीनंतर आम्ही नाशिकचे काही गळवाले मुरुडला समुद्रात मासेमारीला गेलो होतो. माणशी साडेचार हजार, त्यात बोट, रॉड, चारा आणि जेवण. बोटवाल्याचं नाव टाकत नाही, पण इकडून बरेच जण जातात म्हणून नीट लिहितोय.

गंगापूरच्या बॅकवॉटरला नाहीतर दारणेवर कटला, मरळ काढणाऱ्याला सुरमईचं काय वेड असतं ते सांगायला नको. रात्री नाशिकच्या द्वारका चौकातून निघालो, कसारा, भिवंडी, पेण करत पहाटे मुरुडजवळच्या एकदरा बंदरावर. आदल्या संध्याकाळी फोनवर विचारलं होतं की हवामान कसंय, तर बोटीचा मालक म्हणाला थोडी हवा आहे, चालून जाईल.

समुद्रातला पद्मदुर्ग किल्ला मागे पडेपर्यंत ठीक होतं. पुढे वारा असा सुटला की उभं राहणं मुश्किल, दोघं तर उलट्या करून आडवेच झाले (अवोमिन, म्हणजे उलटीची गोळी, घ्यायची तर बोटीत बसायच्या आधीच घ्या, मळमळ सुरू झाल्यावर काही उपयोग नाही). सुरमईसाठी ट्रोलिंग (चालत्या बोटीमागून गळ ओढत नेणं) करायचं होतं ते लगेच गुंडाळलं, कारण बोट लाटेवर आपटली की ल्यूर, म्हणजे नकली मासा, पाण्याबाहेर उडायचा आणि पाणी एवढं गढूळ की माशाला तो दिसणार कसा. मग खडकावर नांगर टाकला, तोही धरेना. दोनशे ग्रॅमचं शिसं लावलं तरी लाईन तिरकीच पळत होती, मासा ठोकतोय का लाट ओढतेय हाताला काही कळतच नव्हतं.

मिळालं काय, तर थोडे ढोमे (छोटे मासे) आणि एक शिंगाळा, म्हणजे काटेवाला समुद्री मासा. तो वर आल्यावर आमच्यातला एक पोरगा हात घालणार तेवढ्यात खलाशाने त्याला मागे ओढलं, पक्कडीने आधी पाठीवरचा काटा मोडला मग बाजूचे दोन, आणि मगच गळ काढला. विषारी असतात ते काटे, लागला तर हात सुजून ठणकत बसतो. तांडेल (बोट चालवणारा) आणि खलाशी दोघंही खरंच चांगली माणसं, बोट त्यांनी सुखरूप आणली, त्यांच्याबद्दल एक शब्द वाईट नाही.

तक्रार आहे ती मालकाबद्दल. परत आल्यावर बंदरावरच्या मावशींकडून कळलं की मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये हा इशारा आदल्या रात्रीच आला होता, गावातल्या बहुतेक होड्या म्हणूनच नांगरून होत्या. मग आम्हाला कशाला नेलं? अ‍ॅडव्हान्स परत द्यावा लागू नये म्हणूनच ना? मासे नाही मिळाले त्याचं वाईट वाटतं पण ते चालतं, समुद्र कुणाच्या हातात नाही. माणसांच्या जिवाशी खेळ मात्र चालत नाही. लाईफ जॅकेट होती, पण दोनतीन जॅकेटांची बकलंच तुटलेली.

जाणार असाल तर हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि इन्कॉईस या सरकारी समुद्र-माहिती संस्थेचा लाटांचा अंदाज आदल्या दिवशी स्वतः बघा, दोन्ही फुकट मिळतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, त्या काळात कुणी बुकिंग घेत असेल तर घेऊच नका. आणि हवा बिघडली तर तारीख बदलून मिळेल हे पैसे टाकायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. आम्ही दुसरी तारीख मागितली तर मालक डिझेल जळालं म्हणाला आणि फोन ठेवला. पाचापैकी एक स्टार, तोही त्या खलाशासाठी.