दिवेलागणीला घरी, की रविवारच्या संस्कारवर्गात?

इंदुरात राजेंद्रनगर, सुदामानगरकडच्या मराठी घरांत मूल पाच-सहा वर्षांचं झालं की प्रश्न येतोच: देवाधर्माचं घरीच शिकवावं, की रविवारच्या वर्गाला घालावं? लेकीसाठी मी दोन्ही करून पाहिलं. सुरुवात घरातून करा, असंच मी सांगेन.

आमच्याकडे सातच्या सुमारास सासूबाई दिवा लावतात. काडी ओढल्याचा आवाज आला की लेक खेळ टाकून धावते, कारण वात सारायचं काम तिचं. रामरक्षेचे 38 श्लोक तिला कुणी बसवून शिकवले नाहीत. दोन वर्षांत कानावर पडून पडून आले. शेजारचे आजोबा गेले त्या संध्याकाळी तिने दिव्यापुढेच विचारलं, "आजी, ते आता रामाकडे असतील?" सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "असतील गं, मला तसंच वाटतं." असा प्रश्न रविवारची वाट बघत थांबत नाही.

पण घरी चुकाही पक्क्या होतात. आरतीत 'फणिवरबंधना'च्या जागी ती वर्षभर 'फळीवर वंदना' म्हणत होती. आमचे देव स्वयंपाकघरातल्या फळीवरच आहेत, त्यामुळे तिला ते अगदी बरोबर वाटायचं! वर्गातल्या ताईंनी थांबवून सांगितलं, फणिवर म्हणजे मोठा नाग, गणपतीने तो पोटाला बांधलाय. दिवसभर हिंदी बोलणाऱ्या आपल्या मुलांना 'ळ' जड जातो, 'चाक'मधला च आणि 'चंद्र'मधला च वेगळा हेही कळत नाही. वर्गात हे सुधारतं. मनाचे श्लोक 205 आहेत, एकेकाचा अर्थ सांगत पुढे जायला घरी कुणाला सवड असते? शिवाय शाळेत तिच्या वर्गात ती एकटीच मराठी. आपल्यासारखी आरती आणखी घरांत म्हणतात, हे तिला रविवारच्या वर्गात दिसलं.

वर्गाचा त्रासही भोगलाय. आधीच्या एका वर्गात पाठांतराला गुण द्यायचे. महिन्याभरात लेक दिव्यापुढे हात जोडून विचारायला लागली, "आई, आज किती मिळाले?" मी तो वर्ग त्याच आठवड्यात बंद केला.

खजराण्याच्या गणपतीला बुधवारी जरूर न्या, मुलं खूश होतात, पण रोजच्या सवयीची जागा ते घेत नाही. इंदूरचे दत्तभक्त संत नानामहाराज तराणेकर यांना मानणाऱ्या घरांत टेंबेस्वामींची करुणात्रिपदी, म्हणजे दत्ताची आळवणी, सगळे एकत्र बसून म्हणतात. तीनच पदं असल्याने लहान मूलही शेवटपर्यंत टिकतं. घरात वडीलधारं माणूस असेल तर एवढं पुरे, वर्ग आठव्या वर्षी लावला तरी चालेल.

दोघंही रात्री आठला घरी येत असाल, तर वर्ग लवकर लावा आणि सातच्या दिव्याचा हट्ट सोडा. झोपताना एक श्लोक म्हणा, पण तुम्ही स्वतः म्हणा. आपण फोनमध्ये डोकं घालून मुलाला "हात जोड" म्हटलेलं त्याला बरोबर कळतं. वर्ग निवडताना पहिल्या रविवारी अर्धा तास मागे बसा. मध्येच एखाद्या मुलाने "का?" विचारलं तर ताई थांबतात की श्लोक पुढे नेतात, तेवढं बघून या.