जॉर्ज हॅरिसनचा ‘द ॲपल इयर्स’ संच : होळी ते दिवाळी, आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगून टाकतो. ‘बीटल्स’चा गिटारवादक हॅरिसन याच्या सीडींचा हा संच त्याच्या गाजलेल्या ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ या अल्बमसाठी घेऊ नका. तो घ्या मुंबईत ध्वनिमुद्रित झालेल्या ‘वंडरवॉल म्युझिक’साठी, आणि ‘डार्क हॉर्स’ व ‘एक्स्ट्रा टेक्श्चर’ या दोन उपेक्षित अल्बमांसाठी. संचाचे खरे पैसे या तीन सीडींतच वसूल होतात.

सप्टेंबर २०१४ मध्ये आलेल्या या पेटीत सात सीडी, एक डीव्हीडी आणि जाड पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक आहे. हॅरिसनने १९६८ ते १९७५ या काळात ॲपल या बीटल्सच्याच ध्वनिमुद्रिका कंपनीसाठी केलेले सहा अल्बम यात आहेत; ‘ऑल थिंग्ज’ दोन सीडींवर असल्यामुळे आकडा सात होतो. मूळ ॲनालॉग टेपवरून केलेलं हे रिमास्टरिंग (तयार मिश्रणाचा आवाज नव्याने सुधारण्याचं काम) पॉल हिक्स, गॅविन लर्सन आणि रूबेन कोहेन यांचं आहे. काम हॅरिसनचा मुलगा धनी याच्या देखरेखीखाली झालं.

ऐकण्याची साधनं साधीच होती: सीडी प्लेयर, पाच इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर आणि मागून उघडे हेडफोन. खोली दहा बाय बाराची. स्पीकर भिंतीपासून निदान दीड फूट पुढे घ्यावे लागले. भिंतीला टेकवले की ‘ऑल थिंग्ज’चा खर्ज इतका फुगतो की रिमास्टरिंगबद्दल काहीही मत बनवणं व्यर्थ ठरतं.

‘वंडरवॉल म्युझिक’पासून सुरुवात करू, कारण आपल्या कानांना ही सीडी सगळ्यात जास्त देते. जो मॅसॉटच्या ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचं हे संगीत. काही भाग लंडनमध्ये, काही जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. या कामासाठी एचएमव्हीचे भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचं स्टिरिओ यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने आणवलं होतं. स्टुडिओ कचेरीच्या वरच्या मजल्यावर, ध्वनिरोधन नाहीच. साडेपाचला कचेरी सुटली की जिन्यावरच्या पावलांमुळे ध्वनिमुद्रण थांबवावं लागे, आणि काही तुकड्यांत खालच्या टॅक्स्याही ऐकू येतात, हे हॅरिसननेच सांगून ठेवलं आहे. म्हणून मागे हलका गोंगाट जाणवला तर केबल बदलायला धावू नका. तो फोर्टातला रस्ता आहे. रिमास्टरिंगमध्ये तो घासून काढला नाही, हे फार बरं झालं. गोंगाट गाळायला गेलं की वाद्यांच्या आसेचा (घुमत राहणाऱ्या नादाचा) शेवटही त्याच्यासोबत जातो.

वादकांची नावं बघा: सरोदवर आशिष खाँ, तबला-पखवाजावर महापुरुष मिश्र, संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर एस. आर. केंकरे, तारशहनाईवर विनायक व्होरा. रिमास्टरिंगची परीक्षा घ्यायला याहून चांगली सामग्री नाही, कारण ही वाद्यं समोर बसून कशी वाजतात हे आपल्याला माहीत असतं. इलेक्ट्रिक गिटारचा ‘खरा’ आवाज कोणता, यावर वाद घालता येतो. पखवाजाच्या डाव्या अंगाबद्दल तो घालता येत नाही. ‘तबला अँड पखावाज’ लावा आणि कणीक लावलेल्या पुडीची थाप गोल, ओली लागते का ते ऐका. माझ्याकडच्या १९९२ च्या सीडीवर ती ‘ढब’ अशी बुजलेली येते. या संचात थाप आणि तिच्यामागची आस वेगळी कळते. ‘लव्ह सीन’मध्ये आशिष खाँचे दोन सरोद एकमेकांशी बोलतात (एकाच वादकाचे, एकावर एक मुद्रित केलेले), ते आता डावीकडे-उजवीकडे नीट उभे राहतात. ‘गत कीरवाणी’त ‘झाला’ या द्रुत भागाचा वेग वाढला तरी तारांची खळखळ होत नाही.

दोष ‘मायक्रोब्स’मध्ये सापडला. सनईचा वरचा पट्टा स्वस्त इयरफोनवर टोचतो. जुन्या सीडीवर तो मऊ होता. इक्वलायझरवर ३ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास दोन डेसिबल खाली घेतले की बरं वाटतं. बऱ्या स्पीकरवर त्याची गरज पडत नाही.

या सीडीला जोडलेल्या तीन जादा तुकड्यांत ‘दि इनर लाइट’चा गायनाविना घेतलेला वेगळा टेक आहे. तोही त्याच मुंबई मुक्कामातला. याच रचनेच्या दुसऱ्या टेकवर गायन चढवून तयार झालेलं गाणं मार्च १९६८ मध्ये बीटल्सच्या ‘लेडी मॅडोना’ या तबकडीच्या मागच्या बाजूला आलं. निव्वळ वाद्यसंगीत ऐकताना त्याची बांधणी किती नेमकी होती ते लक्षात येतं. संचातला माझ्या मते सर्वांत सुंदर तुकडा हाच.

आता रिमास्टर आणि रिमिक्स यातला फरक, कारण निराशा बहुतेक वेळा इथूनच येते. रिमिक्स म्हणजे मूळ अनेक ट्रॅकच्या टेपकडे परत जाऊन गळा, ढोल, गिटार यांची मांडणी नव्याने करणं. रिमास्टर म्हणजे मिश्रण झालेल्या शेवटच्या दोन ट्रॅकच्या टेपवरच काम करणं. सावजीचा रस्सा उतरवल्यावर त्यातली काळी मिरी वेगळी काढता येत नाही. तो कसा गरम करायचा आणि कशात वाढायचा, एवढंच हातात उरतं. या संचात रिमास्टर आहे. ‘ऑल थिंग्ज’चा सहनिर्माता फिल स्पेक्टर याने त्यातल्या ‘वा-वा’वर चढवलेल्या प्रतिध्वनीच्या थरांखाली गळा आजही अर्धा बुडलेला आहे, आणि तो तसाच राहणार होता. खुद्द हॅरिसनने २००१ च्या आवृत्तीच्या टिपणात म्हटलं होतं की काही गाणी त्या अवजड निर्मितीतून मोकळी करावीशी वाटतात. ते काम ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या पॉल हिक्सच्या रिमिक्सने केलं. गळा पुढे हवा असेल तर तो संच घ्या. स्पेक्टरचं मूळ मिश्रण हवं असेल तर इथली आवृत्ती योग्य. २००१ च्या सीडीपेक्षा ती कानाला मवाळ लागते आणि सलग दोन बाजू ऐकल्या तरी थकवा येत नाही. ‘बिहाइंड दॅट लॉक्ड डोअर’मधलं पीट ड्रेकचं पेडल स्टील गिटार इथे छान मोकळं आहे.

जुनी आणि नवी सीडी ताडून बघायची असेल तर नुसती आलटून पालटून लावू नका. नवी आवृत्ती सहसा चढ्या पातळीवर असते, आणि एका डेसिबलचा फरकही कानाला ‘जास्त मोठा’ न वाटता ‘जास्त चांगला’ वाटतो. दोन्ही सीडी फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइलींत) संगणकावर उतरवा. फूबार या संगीत वाजवणाऱ्या प्रोग्राममध्ये दोन्ही फाइलींवर रिप्लेगेन (आवाजाची पातळी मोजणारं) स्कॅन चालवा आणि ट्रॅक गेन लागू करा, म्हणजे पातळी सारखी होते. मग त्याच्या एबीएक्स चाचणीत (कोणती फाइल वाजते ते न सांगता ओळखायला लावणाऱ्या) दहा-पंधरा सेकंदांचा एकच तुकडा निवडून १६ फेऱ्या करा. १२ किंवा जास्त बरोबर आल्या तर फरक खरा मानायला हरकत नाही. निव्वळ अंदाजाने तेवढ्या बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. तुकड्याची सुरुवात दोन्ही फाइलींत हाताने जुळवून घ्या. दोन वेगवेगळ्या टेप उताऱ्यांत वेग आणि सुरुवातीची जागा किंचित वेगळी असू शकते, आणि मग कान आवाजाऐवजी त्या सरकण्यावरूनच फाइल ओळखतो.

या पद्धतीने सर्वांत स्वच्छ फरक ‘डार्क हॉर्स’ (१९७४) आणि ‘एक्स्ट्रा टेक्श्चर’ (१९७५) यांत मिळतो. कारणही आहे: हे दोन अल्बम १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सीडीवर आले आणि २०१४ पर्यंत त्यांना कुणी हात लावला नव्हता. ‘हरीज ऑन टूर’मध्ये टॉम स्कॉटचे सॅक्सोफोन आधी एक गठ्ठा वाटायचे, आता थर वेगळे कळतात. मात्र ‘डार्क हॉर्स’चा घसा बसलेलाच आहे. १९७४ च्या अमेरिका दौऱ्याच्या तयारीत हॅरिसनचा घसा पार गेला होता आणि शीर्षकगीत तशाच आवाजात झालं. उलट रिमास्टरमुळे ती खरखर जास्त स्पष्ट झाली आहे. काहींना हे खटकेल. मला त्यात त्या महिन्यांची दमछाक ऐकू येते आणि ते खरं वाटतं. मोकळा गळा हवा असेल तर शेवटी जोडलेला त्याच गाण्याचा सुरुवातीचा ध्वनिक टेक ऐका.

‘एक्स्ट्रा टेक्श्चर’ हा कीबोर्डांनी भरलेला, जड अल्बम. ‘टायर्ड ऑफ मिडनाइट ब्लू’मध्ये लिऑन रसेलचा पियानो आता बाकी गर्दीतून वर येतो. ‘यू’मध्ये गळा ताणलेला का वाटतो, हा प्रश्न पडतो: मूळ वाद्यमेळ १९७१ मध्ये गायिका रॉनी स्पेक्टरसाठी मुद्रित झाला होता, पट्टी तिच्या गळ्याची. जादा म्हणून जोडलेली ‘धिस गिटार’ची नंतर वाद्यं चढवलेली आवृत्ती मात्र अल्बमच्या सुरात बसत नाही. ‘ग्रे क्लाउडी लाइज’ आणि ‘हिज नेम इज लेग्ज’ ऐकून झाल्यावर थांबावं.

‘लिव्हिंग इन द मटेरियल वर्ल्ड’ (१९७३) बद्दल थोडक्यात. २००६ ची आवृत्ती घरात असेल तर आवाजाच्या दृष्टीने फार नवं काही नाही. जादा मिळतं ते ‘बांगला देश’ हे गाणं. शीर्षकगीताच्या संथ भागात झाकीर हुसेन यांचा तबला आहे, तो हेडफोनवर ऐका. कूलर चालू असेल तर स्पीकरवर तो हरवतो. या अल्बमचंही नवं रिमिक्स २०२४ मध्ये आलं आहे, म्हणून फक्त यासाठी संच घेण्यात अर्थ नाही.

‘इलेक्ट्रॉनिक साउंड’ (१९६९) मध्ये मूग सिंथेसायझरचे दोनच लांब तुकडे आहेत. आठ महिन्यांत तो तीनदा वाजला.

डीव्हीडीवरचा ऐवज तासाभराचाही नाही; १९९१ च्या जपान दौऱ्यातलं ‘गिव्ह मी लव्ह’ तेवढं पुन्हा बघावंसं वाटतं. पुस्तकातला केव्हिन हाउलेट यांचा लेख वाचनीय आहे, छायाचित्रंही चांगली, पण गाण्यांच्या मुद्रणाचा तपशील शोधणाऱ्याला ते अपुरं पडेल.

आता आपल्या हवामानाचा भाग. सीडी कार्डाच्या पाकिटांत आहेत. दिसायला देखणी, पण अशा पाकिटात सीडी सरकताना कडेच्या धुळीने बारीक ओरखडे पडतात, आणि एप्रिल-मेमध्ये नागपुरात धूळ कपाटाच्या आतही येते. पाकीट हलकेच फुगवून, सीडी कडांना धरून ओढा. बोटांनी पृष्ठभाग चिमटू नका. आतून घालायला पातळ प्लॅस्टिकची गोल तळाची पिशवी वापरा. बर्डीवर किंवा इतवारीत मिळणाऱ्या कडक पारदर्शक पिशव्या नकोत, त्यांची शिवण स्वतःच चरे पाडते. पुसताना मायक्रोफायबर कापड मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत न्यायचं, गोल फिरवायचं नाही. गोल चरा वाचनयंत्राला जास्त सलग खंड देतो आणि चूकदुरुस्ती अपुरी पडते.

नवतप्यात (मे अखेरच्या सर्वांत तापलेल्या दिवसांत) पेटी पश्चिमेच्या भिंतीला किंवा गाडीत ठेवू नका. पॉलिकार्बोनेट ताबडतोब वितळत नाही, पण वजनाखाली तापलं की किंचित वाकतं. दुसरा शत्रू कूलर. खसाच्या ताट्यांची ओली हवा थेट कपाटावर आली की दोन-तीन आठवड्यांत कार्ड फुगतं, पाकिटं पेटीत घट्ट बसतात आणि ओढताना कोपरे फाटतात. पेटी कूलरच्या झोताबाहेर, उभी ठेवा. आडवी ठेवून वर पुस्तकं रचू नका. जूनच्या मध्यापासून दसऱ्यापर्यंत पेटीत १० ग्रॅमच्या सिलिका जेलच्या दोन पुड्या पुरल्या. रंग बदलणारे नारिंगी खडे घ्या. निळ्या खड्यांत कोबाल्ट असतं, ते तापवायला स्वयंपाकाचं भांडं वापरता येत नाही.

रोजच्या ऐकण्यासाठी पहिल्याच आठवड्यात सगळ्या सीडी उतरवून घ्या. एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सीडी उतरवणाऱ्या प्रोग्रामचा सुरक्षित मोड, ॲक्युरेटरिपची (इतरांच्या प्रतींशी ताडून बघणारी) पडताळणी, फ्लॅक पातळी ५. सातही सीडी मिळून साधारण सव्वादोन ते अडीच जीबी होतात. इंटरनेटवरच्या माहितीकोशातून आपोआप येणारी अल्बमांची नावं एकसारखी नसतात: ‘वंडरवॉल’ कधी चित्रपट संगीतात जातो, ‘ऑल थिंग्ज’च्या दोन सीडी दोन स्वतंत्र अल्बम होतात. अल्बमचं नाव एकच ठेवून सीडी क्रमांकाचा रकाना भरा. फोनच्या ॲपमध्ये सलग वादनाची सोय चालू करा, नाहीतर ‘वंडरवॉल’च्या एकोणीस छोट्या तुकड्यांमध्ये दर वेळी खटका बसतो.

आणि शांतपणे ऐकायचं असेल तर उन्हाळ्यात पहाटे साडेपाच ते साडेसहा, कूलर बंद करून. तेवढ्या वेळात ‘वंडरवॉल’ पहिल्यापासून शेवटपर्यंत, जादा तुकड्यांसकट, ऐकून होतो.