वस्तीतली शाळा: डिस्ट्रिक्टची की चार्टरची?

लॉस एंजेलिसच्या पकोईमा या गरीब, बहुतांशी लॅटिनो वस्तीतली वॉन स्ट्रीट प्राथमिक शाळा आधी डिस्ट्रिक्टची, म्हणजे स्थानिक सरकारी शिक्षण मंडळाची होती; १९९३ मध्ये ती चार्टर झाली, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवान्यावर स्वतःचा कारभार स्वतः पाहू लागली. कॅलिफोर्नियाचा चार्टर कायदा जेमतेम वर्षभरापूर्वीचा, १९९२चा. दोन्ही व्यवस्थांत शाळा सरकारी पैशावरच चालते आणि फी नसते. चार्टर म्हणजे खासगी शाळा, हा आपल्याकडचा समज सोडून द्यावा.

खरा फरक तिजोरीच्या किल्लीत आहे. डिस्ट्रिक्टच्या शाळेत शिक्षक नेमणे, खरेदी, दुरुस्ती, सगळ्याचे निर्णय वरून येतात; मुख्याध्यापकाच्या हाती फारसे काही उरत नाही. वॉनच्या मुख्याध्यापिका इव्हॉन चॅन यांनी चार्टर मिळताच खर्च स्वतः आखला, पहिल्याच वर्षी दहा लाख डॉलरहून जास्त वाचवले आणि ते शाळेतच वापरले. हे डिस्ट्रिक्टच्या चौकटीत जमले नसते.

प्रवेशाचे काय? रूपांतरित, म्हणजे डिस्ट्रिक्टची चार्टर झालेल्या शाळेला जुन्या हद्दीतल्या मुलांना प्राधान्य द्यावेच लागते. म्हणजे वस्ती बाहेर फेकली जात नाही.

शिक्षकांच्या बाजूने मात्र पारडे डिस्ट्रिक्टकडे झुकते. तिथे नोकरीला संघटनेच्या कराराचे कवच असते. म्हणूनच रूपांतरासाठी शाळेतल्या किमान निम्म्या कायम शिक्षकांच्या सह्या लागतात, आणि ही अट मला योग्य वाटते. शिवाय चार्टर सुरुवातीला जास्तीत जास्त पाच वर्षांचे. नूतनीकरण नाकारले जाऊ शकते. खमका मुख्याध्यापक आणि हिशेब जाणणारी माणसे असतील तर मी चार्टरला कौल देईन. नसतील तर डिस्ट्रिक्टच बरे.